साहेब, कारण लेखी द्या

नोटीस, चॅप्टर केस आणि तडीपारी : वसई-विरारच्या कार्यकर्त्यांसाठी

मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी फोन येतो. पलीकडे पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेतला तोंडओळखीचा माणूस असतो. "दादा, उद्या साधारण किती माणसं? तहसीलपर्यंतच ना?" बोलणं अगदी घरगुती. रात्री नऊच्या सुमारास शिपाई एकपानी नोटीस घेऊन दारात उभा राहतो. घरचे म्हणतात, करा सही आणि मोकळे व्हा. सही होते, नोटीस फ्रिजवर लाइट बिलाखाली जाते. दुसऱ्या दिवशी घोषणा होतात, निवेदन दिलं जातं आणि सगळे चहा पिऊन घरी परततात.

तो कागद तुम्ही विसरता, पोलीस ठाणं मात्र विसरत नाही. तिथे तुमच्या नावाची एक फाईल असते आणि त्यात हा कागद लागतो. दोन-चार मोर्चे, एखादा रास्ता रोको, जमावबंदी मोडल्याचा एखादा गुन्हा असं करत फाईल जाड होते. मग एक दिवस तिच्यातून तडीपारीचा प्रस्ताव निघतो.

पाण्यासाठी हंडा मोर्चा काढणाऱ्या, बेकायदा बांधकामाविरुद्ध माहिती अधिकारात अर्ज टाकणाऱ्या, वनजमिनीच्या दाव्यासाठी पाड्यावरून चालत येणाऱ्या आणि विरोधी पक्षाचा झेंडा हातात धरणाऱ्या माणसांसाठी हा लेख आहे. विरोधी पक्ष कोणता, हा प्रश्न इथे गैरलागू. या नोटिशीच्या दोन्ही टोकांना सगळे पक्ष कधी ना कधी उभे राहिले आहेत.

कारण न देणारं सरकार

आपल्या भागाला हद्दपारी नवी नाही. १९४५ ते ४७ या काळात तलासरी, डहाणू, पालघरच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी काही जण गेले. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांना सरकारने ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं. चळवळ जिथे आहे तिथून माणूस उचलून बाहेर ठेवायचा, हा प्रयोग तेव्हापासूनचा.

त्याचं टोक आणीबाणीत दिसलं. २५ जून १९७५ नंतर मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली देशभरात सुमारे ३५ हजार माणसं स्थानबद्ध झाली. अटकेचं कारण सांगायचंच नाही, अशी तरतूद त्या कायद्यात घालण्यात आली होती. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कैद्यांना दाद मागण्याचं दार बंद केलं. पाचातले एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई भागवतांनाही नंतर अटक झाली.

आणीबाणी उठल्यावर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं ठरवलं. १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच रद्द केला. त्या एकवीस महिन्यांतून आपल्या हाती एक गोष्ट लागली: सरकारने कारण द्यायचं, आणि लेखी द्यायचं.

ही गोष्ट किती कामाची आहे, ते प्रबीर पुरकायस्थ यांच्या बाबतीत दिसतं. १९७५ मध्ये दिल्लीत विद्यार्थी असताना त्यांना मिसाखाली उचललं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक असताना ते पुन्हा आत गेले, या वेळी यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अटक बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणं त्यांना लेखी दिली नव्हती. पुढच्या सगळ्या सूचनांचं सार तेवढंच आहे. कारण लेखी मागा, उत्तर लेखी द्या आणि पोच जपा.

आधी आपली फाईल

पोलिसांकडे तुमची फाईल आहे. तुमच्याकडे आहे का? नसेल तर होळी बाजारातून आजच एक जाड बॉक्स फाईल आणा. तिच्यात चार कप्पे करा.

पहिल्यात प्रत्येक कार्यक्रमाचा परवानगी अर्ज, त्यावर आवक शिक्क्याची पोच आणि आलेलं उत्तर. दुसऱ्यात तुम्हाला मिळालेल्या सगळ्या नोटिसा. प्रत्येकीच्या मागे तारीख, वेळ आणि देणाऱ्याचं नाव व बक्कल नंबर लिहा. तिसऱ्यात कार्यक्रम कसा झाला याचा पुरावा: बातमीची कात्रणं, फोटो, निवेदन स्वीकारल्याची पोच. मोर्चा शांततेत झाला, हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. तुमच्या कात्रणाला आठवतं.

चौथा कप्पा गुन्ह्यांचा. आपल्यावर नेमके किती गुन्हे आहेत, हे बऱ्याच कार्यकर्त्यांना ठाऊक नसतं. "शंभर जणांवर गुन्हा दाखल" या बातमीतले आपण कितवे, याची चौकशी कोण करतो? सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकावाच लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर शोधा, मिळाला नाही तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. खटला सुटला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकार वेळोवेळी काढतं. मागे घ्यायचे खटले समितीपुढून कोर्टात जातात आणि कोर्टाच्या परवानगीने बंद होतात. असा निर्णय निघाला की अर्ज करा. पडून राहिलेला जुना खटला तडीपारीच्या नोटिशीत तर येतोच, पण पोराला आखातात नोकरीला जाताना पासपोर्ट आणि चारित्र्य पडताळणीतही आडवा येतो.

चार कागद, चार अर्थ

प्रत्येक नोटीस सारखी नसते. कलम वाचल्याशिवाय घाबरू नका आणि निर्धास्तही राहू नका. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे आकडे बदलले. पोलिसांच्या तोंडी मात्र जुनेच आकडे आहेत.

पहिला कागद "एकशे एकोणपन्नासची नोटीस", आता कलम १६८. ही फक्त ताकीद. तिच्याने तुमच्यावर गुन्हा होत नाही, बंधपत्रही होत नाही. "काही घडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल" हे वाक्य तिच्यात असतं. सही करायला हरकत नाही, पण सहीशेजारी "प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही" असं लिहा आणि तारीख-वेळ टाका. दुसऱ्या दिवशी दोन परिच्छेदांचं उत्तर द्या: कार्यक्रम शांततेचा आहे, स्वयंसेवक असे नेमले आहेत, आपल्या शंकेचं कारण कळवावं. या उत्तराची पोच दुसऱ्या कप्प्यात गेली की पोलिसांच्या फाईलमधलं एकतर्फी पान दुतर्फी होतं.

दुसरा कागद जमावबंदीचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ किंवा नव्या संहितेचं १६३, म्हणजे जुनं १४४. आपल्याकडे कलम ३७ चे आदेश एकामागून एक निघतच असतात. आदेशाची प्रत मागा, कालावधी तपासा. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या आंदोलकांना अशाच आदेशाच्या आधारे परवानगी नाकारली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती नकारघंटा रद्द केली आणि शांततेने विरोध करणाऱ्याला देशद्रोही म्हणता येत नाही, असं बजावलं. त्या आंदोलकांच्या हातात नकाराचं पत्र होतं, म्हणून ते न्यायालयात नेता आलं. तोंडी नकार कुठेच नेता येत नाही.

तिसरा कागद "चॅप्टर केस". जुनं १०७, आता १२६. इथे तुम्हाला कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात आणि वर्षभर शांतता राखण्याचं बंधपत्र मागतात. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. तेव्हापासून आपल्याकडे ही सुनावणी सहायक आयुक्त दर्जाचे पोलीस अधिकारीच घेतात. म्हणजे तक्रार करणारं खातं आणि निकाल देणारं खातं एकच. उरलेल्या पालघर जिल्ह्यात हे काम तहसीलदार किंवा प्रांत पाहतात.

"नुसती फॉर्मॅलिटी आहे" म्हणून बंधपत्रावर सही करू नका. आधी कलम १३० खालचा लेखी आदेश मागा. तुमच्याविरुद्धची माहिती काय आहे, हे त्यात सांगावं लागतं. वकील द्या, उलटतपासणी मागा. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही, तर विशेष कारणं नोंदवल्याखेरीज ती आपोआप गळते. सही करून मोकळं झालेला माणूस मात्र वर्षभर मोकळा नसतो.

चौथा कागद तडीपारीचा. त्याला स्वतंत्र जागा द्यायला हवी.

तडीपारी : घरातल्या घरात वनवास

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलमं ५५, ५६ आणि ५७. टोळीवाले, दुखापती करणारे, शिक्षा झालेले गुन्हेगार यांच्यासाठी केलेली ही तरतूद. सुक्याबरोबर ओलं जळावं तसा कार्यकर्ता तिच्यात सापडतो. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. क्षेत्र आपल्या हद्दीपुरतं नसतं, लगतचे जिल्हेही जोडता येतात. वसईच्या माणसाला पालघर, ठाणे आणि मुंबई बंद झाली तर त्याची नोकरी आणि सकाळची विरार लोकल दोन्ही सुटतात. आईचं आजारपण, मुलीची शाळा आणि उभी राहायची निवडणूक वसईतच राहतात. शिक्षा झालेली नसते, पण घर गेलेलं असतं.

नोटीस कलम ५९ खाली येते. आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप तिच्यात लेखी असलंच पाहिजे. खुलासा देण्याचा, साक्षीदार तपासण्याचा आणि वकिलामार्फत हजर राहण्याचा हक्क तुम्हाला त्याच कलमाने दिला आहे. गोपनीय जबाब देणाऱ्यांची नावं मिळत नाहीत, पण त्यांचा आशय उत्तर देता येईल इतका कळवावा लागतो. "इसम परिसरात दहशत माजवतो" एवढंच लिहिलं असेल, तर कधी, कुठे, कुणाला, हे लेखी विचारा.

खुलासा भाषणासारखा लिहू नका. तिथे तुमच्या कार्याचा गौरव वाचायला कुणी बसलेलं नाही. तक्ता करा. प्रत्येक गुन्ह्याचा क्रमांक, कलम, तारीख, काय घडलं, आज काय स्थिती आहे. सुटलेल्या खटल्यापुढे निकालाची प्रत लावा. कलम ५६ मध्ये मोडणारे गुन्हे प्रामुख्याने शरीराविरुद्धचे, मालमत्तेविरुद्धचे किंवा बळजबरी-हिंसेचे. जमावबंदी मोडल्याचा, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या १८८ आणि आताच्या न्याय संहितेच्या २२३ चा गुन्हा त्या यादीत बसत नाही, हे ठळक लिहा. चार-पाच वर्षांपूर्वीचा गुन्हा उकरून काढला असेल तर त्याचा आजच्या धोक्याशी काय संबंध, ते विचारा. साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत व्हावं लागतं. ज्या खटल्यांत साक्षीदारांनी कोर्टात उघड साक्ष दिली, ते दाखवून या मतालाच हात घाला. मुदत आणि क्षेत्र यांवर वेगळे परिच्छेद लिहा.

दोन निकाल खुलाशाला जोडा. अमरावतीच्या रहमत खान यांनी सार्वजनिक पैशाच्या गैरवापराबद्दल माहिती अधिकारात अर्ज केले, तक्रारी केल्या, आणि त्यांनाच तडीपार करण्यात आलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करताना तडीपारी ही अपवादानेच वापरायची गोष्ट आहे, असं सांगितलं. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की पूर्ण दोन वर्षांची मुदत द्यायची तर ती का, याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत, कारण देशात कुठेही फिरण्याच्या मूलभूत हक्कावर हा घाला आहे. पुन्हा तोच मुद्दा: कारण.

आदेश निघालाच तर राज्य सरकारकडे आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करायचं. अपिलाबरोबर स्थगितीचा वेगळा अर्ज द्या. अपील केलं म्हणजे आदेश थांबला, असं होत नाही. तिथून पुढे मुंबई उच्च न्यायालयात रिट. तोवर आदेश पाळा. परवानगीशिवाय हद्दीत सापडलात तर कलम १४२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तो गुन्हा सिद्ध करायला पोलिसांना फार कष्ट पडत नाहीत. कोर्टाची तारीख, आजारपण, मयत यासाठी आत यायचं तर कलम ६२ खाली लेखी परवानगी मागा. बाहेर कुठे राहायचं, याचा पत्ता आदेश येण्याआधीच ठरवून ठेवा. नाशिकची मावशी, वापीचा भाऊ, जे कुणी असेल ते.

दारात गाडी आली तर

ताब्यात घेणं आणि अटक यातला फरक विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ६८-६९ खाली आंदोलकांना गाडीत बसवून संध्याकाळी सोडतात, ते पहिल्या प्रकारात. नव्या संहितेच्या कलम १७० खालची प्रतिबंधात्मक अटक २४ तासांपलीकडे दुसऱ्या कायद्याच्या आधाराशिवाय नेता येत नाही.

अटक असेल तर कारण लेखी मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास. मराठीत मागा. वारली पाड्यावरच्या माणसासाठी त्याच्या बोलीत समजावून सांगायला सांगा आणि तसं नोंदवायला लावा.

घरच्या एका माणसाला कळवणं पोलिसांचं काम आहे. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क नव्या संहितेच्या कलम ३८ ने दिला आहे. अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी असल्याखेरीज बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, आणि करायची तर महिला अधिकाऱ्यानेच. साक्षीदार म्हणून बाईला किंवा साठीच्या पुढच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. मोबाइल जप्त केला तर पंचनाम्यात आयएमईआय नंबर आणि हॅश व्हॅल्यू नोंदवायला लावा. पुढे फोनमध्ये काही "सापडलं" तर ते जप्तीच्या वेळी होतं की नव्हतं, हे त्यावरून कळतं.

वकिलाचे पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे, पण ती शेवटची नाही. वसई कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मोबाइलवरचा मोर्चा

नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर अजून ठाणे जिल्ह्यात असताना, बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. त्या अटकेमुळे श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरलं. पालघरच्या एका लाइकमागे लागलेलं कलम देशभरातून गेलं.

मात्र अफवा पसरवणं, गटागटांत तेढ लावणं यांची कलमं शाबूत आहेत. टीका सरकारच्या कामावर करा, जातीवर-धर्मावर घसरू नका, आणि व्हिडिओ कुठला-कधीचा हे कळल्याशिवाय पुढे ढकलू नका. ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून तुम्हाला जबाबदार धरता येत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं आहे. तरी चिथावणी दिसली की ती काढा आणि काढल्याचा स्क्रीनशॉट तिसऱ्या कप्प्यात टाका.

कागदाची ताकद कुठवर

खोटा दिलासा नको. यूएपीएसारख्या कायद्यात जामीन फार अवघड आहे. २०१८ पासून सुरू झालेल्या एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात माणसं खटला न चालता वर्षानुवर्षं आत राहिली, आणि फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहतच मुंबईत वारले. तिथे बॉक्स फाईल पुरत नाही. पण वसई-विरारच्या कार्यकर्त्याचं बहुतेक सगळं पोलिसी आयुष्य नोटीस, जमावबंदी, चॅप्टर आणि तडीपारी एवढ्यातच जातं, आणि तिथे फाईल पुरते.

ती एकट्याने सांभाळू नका. संघटनेत एक जण कागदांसाठीच नेमा. तो मोर्चात घोषणा देणार नाही, बाजूला उभा राहून वेळा आणि नावं लिहील. घरच्यांना दोन गोष्टी पाठ हव्यात: वकिलाचा नंबर, आणि फाईल कुठे आहे ते.

रात्री नऊ वाजता बेल वाजेल. शिपाई तुमच्याच गावचा असेल, त्याचीही ड्यूटीच आहे. त्याला पाणी द्या, नोटीस दोनदा वाचा, प्रत मागा. मग फ्रिजकडे न जाता कपाट उघडा.